चार महिने पाळी नाही, प्रोलॅक्टिन ६८. लगेच एमआरआय करायचा का?

वहिनीसाठी विचारतेय. वय २८, राहते गोव्यात साखळीला. पाळी पूर्वी नियमित, आता चार महिने नाही. गर्भचाचणी दोनदा निगेटिव्ह. टीएसएच (थायरॉईडची तपासणी) ३.१, प्रोलॅक्टिन म्हणजे दूध आणणारं संप्रेरक ६८ (लॅबची कमाल मर्यादा २५). रोज पित्ताची एक कॅप्सूल आणि केसांसाठी बायोटिन चालू आहे. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) जायच्या आधी काय तयारी करू?

प्रतिसाद १
आधी त्या कॅप्सूलची पट्टी उलटी करून वाचा. रॅबेप्राझोल हे आम्ल कमी करणारं औषध ठळक छापलेलं असतं, त्याखाली बारीक अक्षरांत डोमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा प्रोलॅक्टिनवर लगाम असतो, तो ही औषधं सोडवतात. प्रोलॅक्टिन वाढलं की एफएसएच-एलएच ही बीजकोषांना चालना देणारी संप्रेरकं दबतात, स्त्रीबीज पिकत नाही, पाळी अडते. डॉक्टरांना विचारून नुसती आम्ल कमी करणारी गोळी घ्या आणि किमान तीन दिवसांनी पुन्हा तपासा. (मानसिक आजाराच्या गोळ्यांनीही प्रोलॅक्टिन वाढतं, पण त्या आपल्या मनाने कधीच बंद करू नयेत.)

रक्त सकाळी, पण उठल्यावर दोन-तीन तासांनी द्या. धावत कदंब बस पकडून आल्या आल्या हात पुढे करू नका, अर्धा तास शांत बसा. ताणानेही आकडा चढतो. बायोटिन तीन दिवस आधी बंद. काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटं कमी दिसतं, म्हणून ३.१ वरही माझा पुरता भरवसा नाही. थायरॉईड मंद असेल तरी प्रोलॅक्टिन वाढतं. सोबत एफएसएच, एलएच, इस्ट्राडिओल (इस्ट्रोजेनची पातळी) आणि रक्तातली बीटा एचसीजी (गर्भचाचणी) करा.

प्रतिसाद २
पाळी आणायच्या गोळ्या रक्त दिल्यावरच, नाहीतर आकड्यांचा गोंधळ होतो. सहसा मेड्रोक्सीप्रोजेस्टेरॉन १० मिग्रॅ, १० दिवस देतात. थांबवल्यावर दोन आठवड्यांत रक्तस्राव झाला तर इस्ट्रोजेन पुरेसं आहे, रक्त बाहेर यायची वाटही मोकळी आहे. चवथीसाठी (गणेश चतुर्थी) पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील तर त्या तारखाही सांगा, बायका हे हमखास विसरतात.

एफएसएच २५ च्या वर आलं तर महिन्याने पुन्हा करून बीजकोषांकडे पाहायचं. एफएसएच, एलएच, इस्ट्राडिओल तिन्ही कमी असतील तर कारण घटलेलं वजन, अति व्यायाम किंवा पिट्युटरी (मेंदूखालची ग्रंथी). औषध थांबवूनही प्रोलॅक्टिन चढलेलंच आणि टीएसएच ठीक, तर पिट्युटरीचा एमआरआय. डोकेदुखी असेल किंवा कडेचं दिसणं कमी झालं असेल तर मात्र थांबू नका.

प्रश्नकर्ती
पट्टी पाहिली. लेव्होसल्पिराइड ७५ मिग्रॅ. पाच महिने झाले सुरू करून.

प्रतिसाद १
मग पट्टीच सोबत न्या, आणि सुरू केल्याची तारीख केसपेपरवर सगळ्यात वर लिहायला सांगा.