उघडमिट करणारं छप्पर : मोटार मोठी करून भागत नाही

स्टेडियमच्या उघडमिट करणाऱ्या छपराबद्दल ‘मोठ्या मोटारी लावा, छप्पर झटपट मिटेल’ असं कुणीतरी सुचवलंय. पण घोडं अडतं ते छप्पर रुळांवरून सरकवणाऱ्या चाकांपाशी. विंबल्डनचं सेंटर कोर्ट (२००९) बघा : सुमारे ७७ मीटर लांबीचे १० पोलादी ट्रस (दांड्यांची जाळी जोडून केलेल्या तुळया), मधे घडी पडणारं अर्धपारदर्शक कापड. तापमानात ३० अंशांचा फरक पडला की एवढं पोलाद जवळपास २८ मिमी लांबतं. दोन्हीकडची चाकं रुळात घट्ट धरली तर चाकाची कड रुळाला घासते आणि अडकते. म्हणून एकीकडे चाकं रुळाला धरून, दुसरीकडे आडवं सरकायला मोकळीक ठेवायची. शिवाय दोन्ही टोकांना एन्कोडर (टोक किती सरकलं ते मोजणारी उपकरणं) हवेत. एक टोक पुढे गेलं की ट्रस तिरका होतो, अशा वेळी यंत्रणा आपोआप थांबलीच पाहिजे. मोठी मोटार अडकलेलं चाकही रेटत राहते. मोडतोड तिथेच होते!

आणि विंबल्डनचं छप्पर १० मिनिटांच्या आत मिटतं, तरी खेळ लगेच सुरू होत नाही. ओलं गवत, त्यात हजारो माणसांचा श्वास. आतली दमट हवा काढली नाही तर कोर्ट निसरडं होतं.