मदत हवी आहे: तळ्यातलं हे पांढरं टिकलीएवढं फूल कोणतं? रविवारच्या आत उत्तर हवंय

घोडबंदरकर:
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. आमच्या तळ्यात बारीक पांढरी फुलं आली आहेत, खाली गवतासारखी पानं. पुतणी म्हणाली काका सिंधुदुर्गात अशीच नवीन जात सापडली होती, मी ती बातमी शोधून वाचली, फोटो अगदी सेम आहे. रविवारी सोसायटीची सभा आणि सोमवारी मुरूम टाकायला डंपर येणार, त्याआधी मला ठामपणे सांगता आलं पाहिजे की ही दुर्मिळ जात आहे. कोणाला कळवायचं आणि सर्टिफिकेट किती दिवसांत मिळतं? फोटो जोडलाय. प्लीज लवकर.

निखिल_ऐरोली:
फोटोत हिरव्यावर पांढरे ठिपके एवढंच दिसतंय. गुगल लेन्सला टाका ना, दोन सेकंदाचं काम.

साधना_नौपाडा:
कुठलं तळं पण? ठाण्यात काय एक तळं आहे? उपवन की कचराळी? मासुंद्याला तर असं काही मी कधी पाहिलं नाही. आम्ही शाळेत असताना रोज संध्याकाळी तलावपाळीला जायचो, भेळ खायची आणि काठावर बसायचं, तेव्हा पाण्याला वेगळाच वास असायचा, आता नुसत्या गाड्या.

दादा_बाळकुम:
पांढरी फुलं म्हणजे जलपर्णी असणार. मुळासकट उपटून काठावर वाळवा, नाहीतर दोन महिन्यांत अख्खं तळं झाकून टाकेल. आमच्याकडे झालंय असं.

घोडबंदरकर:
जलपर्णी नाही हो. आणि लेन्स एकदा लसूणघास म्हणतं, एकदा कॉटन ग्रास. कृपया ज्यांना माहीत आहे त्यांनीच सांगा, वेळ नाहीये.

कातळफूल:
जलपर्णीचं फूल जांभळट असतं आणि चांगलं मोठं असतं, तो विषय इथेच सोडू. घोडबंदरकर, तुम्ही काहीच सांगितलेलं नाही. पाणी किती खोल आहे? बारमाही की पावसाचं? खाली चिखल की दगड? फूल किती मोठं? मुळाशी पानांचा झुपका आहे का? एका बोंडाचा, म्हणजे काडीच्या टोकावरच्या त्या पांढऱ्या गोळीचा, अगदी जवळून फोटो टाका, शेजारी टाचणी किंवा रुपयाचं नाणं ठेवा.

घोडबंदरकर:
सॉरी, आमच्यात सगळे तळंच म्हणतात त्याला. सोसायटीच्या मागे उघडा कातळ आहे, बॅडमिंटन कोर्टाएवढा असेल, त्याला मधे खोलगट भाग आहे तिथे पावसाचं पाणी साठतं, घोट्याएवढं, दिवाळीपर्यंत आटतं. दगडावर बोटभर माती. तिथे पार्किंग करायचंय. बोंड साबुदाण्याच्या दाण्याहून लहान, राखाडी पांढरं, सरळ उभ्या काडीवर एकच. काडी चिमटीत फिरवली तर गुळगुळीत लागत नाही, उभ्या धारा लागतात. मधे मधे निळसर जांभळी नाजूक फुलं पण आहेत.

कातळफूल:
हे आधी सांगितलं असतं तर! हा गेंद आहे, एरिओकॉलॉन. कासला जो पांढरा गालिचा दिसतो त्यातही गेंदच असतो. निळी बहुतेक सीतेची आसवं, ती मुळाशी बारीक पिशव्यांमध्ये पाण्यातले जीव पकडते. गेंद आणि आसवं शेजारी शेजारी म्हणजे जागा चांगली आहे. पण भारतात गेंदाच्याच शंभरावर जाती आहेत, बहुतेक पश्चिम घाटात नाहीतर पूर्व हिमालयात, आणि वरून बऱ्याचशा सारख्याच दिसतात. एका बोंडात डझनावारी फुलं असतात, नर वेगळं, मादी वेगळं. पाकळ्या, परागकोशाचा रंग, बीवरची नक्षी हे सगळं भिंगाखाली आणि मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं. तुम्ही वाचलेली बातमी २०२० ची. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या लोकांनी गोळा करून आणलेल्या नमुन्यांची फुलं नीट तपासली, त्यातले दोन वेगळे निघाले, मग डीएनए पाहिला, तेव्हा नवीन म्हणून जाहीर केले. एक सिंधुदुर्गातली, बोंड अगदी लहान म्हणून नाव पार्व्हिसेफॅलम, दुसरी कर्नाटकात कुमठ्याची. मोबाईलच्या फोटोवरून सेम आहे असं म्हणताच येत नाही.

वैद्यकाकू:
याच्याच एका जातीचा यकृताच्या विकारांवर उपयोग करतात. डंपर येण्याआधी थोडं उपटून सावलीत वाळवून ठेवा, वाया कशाला घालवायचं.

कातळफूल:
काकू, कृपा करून असं सांगू नका. ती जात वेगळी. ही कोणती तेच कळलेलं नाही तर औषध कसलं?

टेरेसबाग_माजिवडा:
इतका वाद कशाला, घमेलं भरून मातीसकट उचला आणि कुंडीत लावा. माझ्या गच्चीवर कमळ आहे, वॉटर लिली आहे, हेही जगेल. झाड वाचलं, पार्किंगही झालं.

कातळफूल:
नाही जगणार. बहुतेक गेंद एका पावसाळ्याचे असतात, बी पडलं की झाड मरतं आणि बी त्या बोटभर मातीत पुढच्या पावसाची वाट बघतं. तुम्ही कुंडीत जे न्याल ते मरायलाच टेकलेलं असेल. वाचवायची ती माती आहे. मुरूम पडला की सगळं बी गाडलं जाणार.

टेरेसबाग_माजिवडा:
वीस वर्षं झाडं लावतोय, प्रयत्न न करता नाही कसं म्हणता?

कायदा_कोपरी:
२०१७ चे पाणथळ जागांचे नियम दाखवा सभेत, काम जागच्या जागी थांबेल.

निखिल_ऐरोली:
ते नियम रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या पाणथळ जागांना, किंवा सरकारने अधिसूचित केलेल्या जागांना लागतात. ठाणे खाडी २०२२ ला रामसर झाली, सोसायटीमागचा कातळ त्यात नाही येत. चुकीचं सांगून बिचाऱ्यांना सभेत तोंडघशी पाडाल. बाकी यंदा ऐरोलीला फ्लेमिंगो कधी येतील, कुणी सांगेल का?

घोडबंदरकर:
फ्लेमिंगोचा वेगळा धागा काढा ना. आत्ता मुलाचं भिंग घेऊन खाली जाऊन आलो. बोंडातून काळे काळे ठिपके बाहेर आलेत, टाचणीच्या टोकाएवढे. काळे म्हणजे नवीन जात का?

कातळफूल:
ते परागकोश. पुष्कळ गेंदांचे काळेच असतात, म्हणजे एवढ्यावर काहीच ठरत नाही, पण बघितलंत ते छान केलंत. आता एक पिकलेलं बोंड पांढऱ्या कागदावर चोळा, बी पडतंय का बघा. तिळाहून कितीतरी बारीक असतं, फुंकर मारू नका.

घोडबंदरकर:
चोळलं. नुसता भुसा पडला, बी नाही.

कातळफूल:
मग अजून धरलेलं नाही, दोनतीन आठवडे लागतील. सर्टिफिकेट वगैरे काही नसतं. नवीन जात असेल तर नमुना हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, ठेवून शास्त्रीय नियतकालिकात वर्णन छापावं लागतं, त्याला खूप वेळ जातो. आत्ता मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या ब्लॅटर हर्बेरियमला किंवा पुण्याला बीएसआयला (भारतीय वनस्पती सर्वेक्षण) ईमेल करा, जवळून काढलेले फोटो, तारीख, पाण्याची खोली सगळं लिहा. इथे सोसायटीचं नाव नका टाकू, लोक उपटून नेतात. आणि सभेत दुर्मिळ, नवीन असं काही म्हणू नका, उद्या साधी जात निघाली तर पुढच्या वेळी कुणी ऐकणार नाही. बी पडेपर्यंतची मुदत मागा, आणि पार्किंग कातळाच्या कोरड्या बाजूला होतं का ते विचारा.

साधना_नौपाडा:
साधी निघाली तरी राहू द्या हो ती.

घोडबंदरकर:
ईमेल दोन्हीकडे केलाय. कोरडी बाजू आत्ता पावलांनी मोजून आलो, चार गाड्या बसतात, सेक्रेटरींना सहा हव्यात. सभेत हेच मांडतो. वॉचमनकडून दोरी घेऊन पाण्याभोवती बांधली आहे, मुलांना सांगितलंय दोरीच्या आत पाय नाही टाकायचा.