उत्तर: आजची मुलं फक्त नाताळपुरतीच ख्रिस्ती?

वर एकांनी लिहिलंय की आताच्या पोरांचा धर्म नाताळच्या केकपुरता उरलाय. आमच्या इंदुरातला माझा भाचा अकरावीत आहे, त्याच्यावरून सांगते.

ईस्टरआधीचे चाळीस दिवसांचे उपवास ज्या दिवशी सुरू होतात, त्या राखेच्या बुधवारपासून पठ्ठ्याने कचोरी सोडली. इंदूरच्या माणसाने कचोरी सोडणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना नाही कळायचं! वाचलेले पैसे डब्यात. रविवारी मात्र चर्चमधली मिस्सा (प्रार्थनाविधी) आटोपली की पोहे-जिलबीवर ताव. उपवासाच्या चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत, हे त्याला बरोब्बर ठाऊक. दर शनिवारी आईच्या हातच्या पोळ्या घेऊन एमवाय या इथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या बाहेर जातो. खेड्यांतून आलेले रुग्णांचे नातेवाईक तिथे फुटपाथवर झोपलेले असतात. वाटून झालं तरी लवकर परतत नाही. कुणाची चिठ्ठी वाचून दे, कुणाला औषधाची खिडकी दाखव. गणिताचा क्लास बुडतो, त्यावरून घरी बोलणी खातो ते वेगळंच.

त्याच्या टेबलावर सिस्टर राणी मारिया या कॅथलिक जोगिणीचा फोटो आहे. उदयनगरकडच्या आदिवासींना सावकारांच्या कचाट्यातून सोडवायला झटल्या, म्हणून 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरला येणाऱ्या बसमध्येच त्यांना भोसकून मारलं. 2017 मध्ये इथेच चर्चने त्यांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. पण भाच्याला त्याहून मोठी वाटते ती त्यांच्या बहिणीची गोष्ट: तिने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली.

"मावशी, मला नसतं जमलं," म्हणाला. मग पोळ्यांचे डबे भरायला लागला.