विषय: तळघरात इंटरनेट पोहोचवण्याबाबत सल्ला हवा आहे

एडिसनहून (न्यू जर्सी, अमेरिका)

स. न. वि. वि.

आमचे घर लाकडी बांधणीचे, दुमजली असून खाली तळघर आहे. इंटरनेट कंपनीने दिलेला मोडेम-राउटर वरच्या मजल्यावर रस्त्याकडच्या खोलीत आहे आणि मी घरून काम करतो तेही त्याच खोलीत. आई-बाबा नाशिकहून सहा महिन्यांसाठी आले आहेत. तळघराला मागच्या अंगणात उघडणारे स्वतंत्र दार असल्यामुळे त्यांची सोय तिथल्या खोलीत केली आहे. मात्र तिथे वाय-फाय जेमतेम पोहोचते आणि रात्रीची मालिका ऐन रंगात आली की अडकते. शेजाऱ्यांनी दिलेला एक जुना राउटर, जिन्यावरून तात्पुरती वायर सोडून, तळघरात लावून पाहिला. मालिका सुरळीत चालू लागली; परंतु खालच्या संगणकाला वरचा प्रिंटर दिसेनासा झाला आणि बाबा व्हिडिओ कॉलवर बोलत वर आले की कॉल तुटतो. ती वायर कोणाच्या पायात येण्याआधी कायमची व्यवस्था करायची आहे. अधिक ताकदीचा राउटर घ्यावा, की वाय-फाय पकडून पुढे पोहोचवणारा एक्स्टेंडर लावावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पार्सिपनीहून

एडिसनकर, नमस्कार.

दोन्हींपैकी काहीही विकत घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी प्रिंटरचे पाहू. आपल्या घरात सध्या एकाच संसाराला दोन कारभारी झाले आहेत. वरचा राउटर आपल्या उपकरणांना १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटत असणार आणि खालचा, बहुधा, १९२.१६८.० ने सुरू होणारे. म्हणजे घरात दोन स्वतंत्र नेटवर्क तयार झाली आहेत. प्रिंटर शोधताना संगणक नेटवर्कवर जी हाक घालतो, ती राउटर ओलांडून पलीकडे जात नाही, म्हणून प्रिंटर दिसत नाही. कॉल तुटण्याचे कारणही हेच आहे, कारण जिना चढताना फोन एका नेटवर्कमधून दुसऱ्यात जातो, त्याचा पत्ता बदलतो आणि चालू असलेले संभाषण बंद पडते.

यासाठी जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’, म्हणजे पत्ते न वाटता फक्त वाय-फाय पुरवण्याची सोय, आहे का ते पाहावे; असल्यास तो निवडला की काम झाले. नसल्यास त्या राउटरची पत्ते वाटण्याची सोय, म्हणजे डीएचसीपी, बंद करावी, त्याला १९२.१६८.१.२ असा वरच्या राउटरच्या वाटपाबाहेरचा पत्ता द्यावा आणि वरून आलेली वायर ‘इंटरनेट’ असे लिहिलेल्या खाचेत न घालता बाकीच्या चार खाचांपैकी एकीत घालावी. ही शेवटची गोष्ट बहुतेकांकडून राहून जाते. दोन्हीकडे वाय-फायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच ठेवला तर फोन आपोआप जवळच्या राउटरकडे वळेल आणि पत्ता तोच राहिल्यामुळे कॉलही सहसा टिकेल. राउटर इतका जुना असेल की त्यात डब्ल्यूपीए२ ही वाय-फायची सुरक्षापद्धत सुद्धा नसेल, तर मात्र तो शेजाऱ्यांना साभार परत करावा.

आता ताकदीविषयी. आपल्याकडच्या तळघरांत छताला लागून भट्टीचे पत्र्याचे डक्ट गेलेले असतात आणि वाय-फायला लाकडापेक्षा पत्र्याचा अडथळा फार मोठा असतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असला तरी मजले ओलांडताना लवकर दमतो, २.४ गिगाहर्ट्झचा त्यामानाने खाली पोहोचतो, पण अमेरिकेत त्यातील ११ चॅनेलांपैकी १, ६ आणि ११ एवढीच एकमेकांत मिसळत नाहीत आणि ती शेजाऱ्यांनीही व्यापलेली असतात. शिवाय राउटर कितीही जोरात बोलला, तरी फोनचा क्षीण आवाज त्याला वरपर्यंत ऐकू यायला हवाच. साधा एक्स्टेंडर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. तळघरापर्यंत वायर नेणे आणि तिथून वाय-फाय सोडणे हाच खरा उपाय आहे.

भिंतीतून कॅट ६ प्रकारची नेटवर्कची वायर ओढून घेता आली तर उत्तम. १ गिगाबिटचा वेग १०० मीटरपर्यंत त्याआधीची कॅट ५ई सुद्धा देते. फक्त वायर शुद्ध तांब्याची घ्यावी, स्वस्तात मिळणारी तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची घेऊ नये. पण मी भिंती फोडण्याआधी आपल्या तळघरात केबल टीव्हीची खाच आहे का ते पाहीन. असल्यास ‘मोका’ नावाचे दोन अडॅप्टर, एक राउटरजवळ आणि एक तळघरात, त्याच कोॲक्स वायरीवरून नेटवर्क नेतात आणि सुतारकाम वाचते.

प्रिन्स्टनहून

पार्सिपनीकरांच्या बाकी सल्ल्याशी मी सहमत आहे, परंतु विजेच्या तारांवरूनच नेटवर्क नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर त्यांनी विचारातच घेतले नाहीत याचे आश्चर्य वाटले. माझ्या भावाच्या पुण्यातील फ्लॅटमध्ये काँक्रीटच्या भिंतींमुळे आतल्या खोलीत वाय-फाय पोहोचत नव्हते. तिथे हेच अडॅप्टर लावले आणि ते विनातक्रार चालू आहेत. यात ना वायर ओढावी लागते, ना केबलची खाच शोधावी लागते.

पार्सिपनीहून

पुण्यात ते चालले यात नवल नाही. तिथल्या फ्लॅटला सहसा २३० व्होल्टचा एकच फेज येतो आणि सगळे प्लग त्याच एका जोडीवर असतात. इथे घरात १२० व्होल्टच्या दोन बाजू येतात. वरचा प्लग एका बाजूवर आणि तळघरातला दुसऱ्या बाजूवर असेल, तर सिग्नलला पॅनेलपर्यंत वळसा घालावा लागतो आणि त्यात तो बराच गळतो. नव्या घरांतील ठिणगी ओळखणारे ब्रेकरही त्यात ढवळाढवळ करतात. तरीही वापरून पाहायचेच असतील तर परत करता येतील असे घ्यावेत आणि थेट भिंतीतील प्लगमध्ये लावावेत. सर्ज प्रोटेक्टरच्या पट्टीत लावल्यास ती पट्टीच सिग्नल गिळून टाकते.

एडिसनकरांसाठी मोकाबाबत थोडे अधिक. उपग्रह टीव्ही असेल तर त्याच वायरीवर मोका नको. केबल जिथे घरात शिरते तिथे ‘पीओई (पॉइंट ऑफ एंट्री) फिल्टर’ लावावा, म्हणजे आपला सिग्नल शेजाऱ्यांच्या वायरीत जाणार नाही. मोका ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झमध्ये चालतो, आणि काही नव्या केबल मोडेमचा पट्टा १२१८ पर्यंत जातो. आपल्या कंपनीचा तसा असल्यास मोडेमच्या तोंडाशीही एक फिल्टर लागेल. तळघरातील स्प्लिटरवर, म्हणजे केबलचे फाटे पाडणाऱ्या डबीवर, ‘५–१०००’ (मेगाहर्ट्झ) असे छापलेले असेल तर मोकाचा पट्टा त्याच्या मर्यादेबाहेर जातो, म्हणून तो बदलावा. अडॅप्टर मागवण्याआधी तो आकडा वाचून इथे कळवावा. योग्य स्प्लिटर कोणता ते त्यावरून सांगता येईल.