हृदयरुग्णाच्या औषधांविषयी फार्मासिस्टना विचारावे का?

शाहूपुरीकर
नमस्कार. गेल्या महिन्यात माझ्या वडिलांची अँजिओप्लास्टी होऊन हृदयाच्या रक्तवाहिनीत एक स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवण्यात आला. त्यांना ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, ॲटोर्व्हास्टॅटिन, मेटोप्रोलोल आणि रॅमिप्रिल ही औषधे चालू आहेत. शिवाय गुडघेदुखीसाठी दुसऱ्या डॉक्टरांच्या गोळ्या आहेत, आणि पित्तासाठी ते स्वतःच मेडिकलमधून काहीतरी आणतात. हृदयरोगतज्ज्ञांची पुढची भेट दोन महिन्यांनी आहे. तोवर येणाऱ्या शंका नेहमीच्या दुकानातील फार्मासिस्टना विचाराव्यात का?

औषधनिर्माता, राजारामपुरी
अवश्य विचाराव्यात. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये रुग्णाचे समुपदेशन हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे कामच मानले आहे. मात्र संध्याकाळच्या गर्दीत ते नीट होत नाही, म्हणून दुपारी जावे आणि काउंटरवर असलेली व्यक्ती फार्मासिस्ट आहे ना, हे आधी विचारून घ्यावे.

तुमच्या यादीत मला सर्वाधिक खटकतात त्या गुडघेदुखीच्या गोळ्या. त्या डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन यांसारख्या असतील, तर त्यांनी शरीरात पाणी साठते, रक्तदाब वाढतो, आणि ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल ही रक्ताची गुठळी होऊ न देणारी औषधे चालू असताना जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका बराच वाढतो. पित्ताची गोळी ओमेप्राझोल असेल, तर यकृतातील ज्या एन्झाइममुळे क्लोपिडोग्रेल कार्यक्षम होते त्यालाच ती अडवते. पँटोप्राझोलने हा अडथळा कमी होतो. तरीही गोळी बदलण्याचा अधिकार आमचा नाही. आम्ही शंका कागदावर लिहून देतो किंवा थेट डॉक्टरांना फोन करतो.

क्लोपिडोग्रेल मात्र दात काढायचा आहे किंवा पाकीट संपले, अशा कारणांनी परस्पर बंद करू नये. पहिल्या काही महिन्यांत ते अचानक थांबले, तर स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ शकते.

गगनबावडा रस्ता
वरील उत्तराला एक जोड. आमच्या आईची काही औषधे जेनेरिक दुकानातून आणि काही गावातल्या मेडिकलमधून येत असत. नावे वेगळी असल्यामुळे ॲटोर्व्हास्टॅटिनच्या दोन गोळ्या ती रोज घेत होती, हे फार्मासिस्टनीच पाकिटांवरील घटक वाचून दाखवले. तेव्हापासून सर्व औषधे एकाच ठिकाणी घेतो आणि जुनी पाकिटे सोबत नेतो.

शाहूपुरीकर
आभारी आहे. आणखी एक विचारतो. वडिलांना काही दिवसांपासून कोरडा खोकला आहे. त्यावर सिरप आणावे का? तसेच मीठ कमी करायचे म्हणून नातेवाइकांनी कमी सोडियमचे मीठ सुचवले आहे.

औषधनिर्माता, राजारामपुरी
रॅमिप्रिलमुळे असा खोकला होणे हे परिचित आहे. डॉक्टरांना कळवल्यास ते दुसऱ्या गटातील औषध देऊ शकतात; तोवर गोळी बंद करू नये. चोंदलेले नाक मोकळे करणारा घटक असलेली सर्दी-खोकल्याची औषधे टाळावीत, कारण त्यांनी रक्तदाब वाढतो.

कमी सोडियमच्या मिठात बहुधा सोडियमऐवजी पोटॅशियम असते, आणि रॅमिप्रिलही रक्तातील पोटॅशियम वाढवते. त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये. साधेच मीठ कमी वापरावे. (तांबड्या रश्श्यावर आणि खर्ड्यावर वाढलेल्या कोल्हापूरकराला हे सांगणे सोपे नाही, याची मला कल्पना आहे.) रॅमिप्रिल चालू असताना ओठ, जीभ किंवा चेहरा सुजल्यास मात्र फोनाफोनीत वेळ न घालवता थेट तातडीच्या विभागात जावे.