हातात धरायच्या गेमिंग यंत्रासाठी स्क्रीन: ६४०×४८० की १२८०×७२०?

निशाचर: जुने गेम खेळायला स्वतःच यंत्र जुळवतोय. ३.५ इंची ६४०×४८० घेऊ की ५ इंची १२८०×७२०? गेम बॉय, गेम बॉय ॲडव्हान्स आणि पहिलं प्लेस्टेशन, एवढंच खेळायचंय. पीपीआय (एका इंचात किती पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे ठिपके) किती पुरे?

खटपट्या: पीपीआयचा बाऊ नको. पहिल्याचा २२९ येतो, दुसऱ्याचा २९४. चांगल्या नजरेला ४० सेंटिमीटरवरून साधारण २२० च्या पुढे ठिपके वेगळे दिसत नाहीत. खरी गोम पटीत आहे: गेमचं मूळ चित्र पूर्ण पटीत मोठं होतं का, ते बघा. गेम बॉय १६०×१४४, म्हणजे ७२० उंचीत बरोब्बर पाचपट. प्लेस्टेशनचे बरेच गेम २४० ओळींचे, तिप्पट. ॲडव्हान्स २४०×१६०, चौपट केलं की ९६०×६४०, कडेला थोडी काळी पट्टी. ती मला चालते. ४८० वर मात्र ॲडव्हान्स दुपटीतच नीट बसतो. रुंदी भरायला ताणलात तर पट २.६७ होते, काही पिक्सेल जाड, काही बारीक. स्क्रोल होताना चित्र लहरतं. मला तर ते बघवत नाही!

निशाचर: पण तिप्पट पिक्सेल म्हणजे बॅटरी बसणार ना?

खटपट्या: या गेमना नाही, बॅकलाइटच (पडद्यामागचा दिवा) जास्त खातो. नवे थ्रीडी गेम असते तर गोष्ट वेगळी. तसे गेम चालवणारा, हातात धरायचा स्टीम डेक सात-साडेसात इंचांवर १२८०×८०० च ठेवतो, ते उगाच नाही.

चौकोन: खिशात ठेवणार असाल तर ३.५ च बरा. प्लेस्टेशन त्यावरही अचूक दुप्पट बसतं.