प्रतिसाद: निधी हे निम्मंच कारण
गावच्या जुन्या वाचनालयाची दुरुस्ती निधीअभावी रखडली, असं वरच्या लेखात म्हटलंय. पटलं, पण निम्मंच; जुन्या इमारतीच्या दुरुस्तीला वेळ आणि जाणकारही लागतात. आमच्या भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बघा. १८७२ साली खुलं झालेलं. महापालिका, इन्टॅक (वारसा जपणारी संस्था) आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांचा दुरुस्तीसाठी २००३ मध्ये करार झाला, २००८ मध्ये ते पुन्हा उघडलं. म्हणजे करारानंतरही पाच वर्षं गेली. तेही मुंबईत, जिथे जाणकार हाताशी!

घाईचं काम तर त्याहून वाईट. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा थापला की ओल आतच कोंडते, तुळयांची टोकं कुजतात. निविदेत चुन्याचंच काम लिहून घ्या. फुटकी कौलं आणि तुंबलेल्या पन्हळी मात्र पावसाळ्याआधीच बघा, त्यासाठी मोठ्या निविदेची वाट कशाला?